गोसेवक व्यापारी : शेठ जमनालालजी बजाज

गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे, हे वर्धा जिल्ह्यातील बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. वर्धा शहराच्या आग्नेयेस सुमारे ३७ मैलांवर, समुद्रपूर तालुक्यात हे गाव वसले आहे. हिंदू व मुसलमान हे दोन्ही समाज तेथे सारख्याच श्रद्धेने जातात. या टेकडीवर नारळासारखे व इतर जिनसांसारखे दिसणारे गोल खडे विखुरलेले आढळतात. भूस्तरशास्त्रज्ञ त्यांस झिओलाइट जातीचे खनिज म्हणतात. पण लोकांत त्याविषयी एक जुनी दंतकथा आहे. दोन फिरते व्यापारी आपला माल घेऊन त्या वाटेने चालले असता त्यांनी साधुपुरुषाची थट्टा केली, तेव्हा त्यांचा सर्व माल दगड होऊन पडला. ते शरण आले. साधूने वाळलेल्या पानांपासून त्यांस नवा माल निर्माण करून दिला. तो पाहून त्या दोघांचे मन असे पालटले की त्यांनी व्यापार सोडला आणि जन्मभर त्याच ठिकाणी सेवा केली. टेकडीवरील दोन कबरी त्यांच्याच होत, असे सांगतात.

कथेचा खरेखोटेपणा बाजूस ठेवला, तरी व्यापाऱ्याने आपली बुद्धी व संपत्ती सेवेस वाहावी ही कल्पना या भागास नवी नाही, एवढे तीवरून दिसते. याच जिल्ह्यात पुढे एक व्यापारी असा होऊन गेला की ज्याने आपला माल दगड होण्याची वाट पाहिली नाही. त्याच्या आयुष्याचे अखेरचे काही महिने शेतकऱ्याच्या गोठ्यातील गाईसाठी खर्च झाले. शेठ जमनालालजी बजाज हे त्याचे नाव. त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी व त्यांच्या आईबापांनीही विचारपूर्वक वाचावे असे आहे.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातील सीकरजवळ काशी-का-बास नावाच्या लहानशा खेड्यात झाला. वडिलांचे नाव कनीराम व आईचे नाव बिरदीबाई. घरची स्थिती बेताची होती. वर्ध्याचे धनिक व्यापारी शेठ बच्छराज हे त्याच बाजूचे. त्यांच्या घरी वंश चालविण्यास कोणी उरले नव्हते, म्हणून त्यांनी या पाच वर्षांच्या मुलास नातू म्हणून दत्तक घेतले. त्याबद्दल बच्छराजजींनी त्या खेड्यात विहीर बांधून दिली, असे चरित्रकार सांगतात. अशा रीतीने वाळवंटातील एका गावास पाणी मिळाले आणि वर्ध्यास जमनालालजी मिळाले.

त्यांचे शाळेतील शिक्षण चार इयत्तांपलीकडे गेले नाही. १९०२ साली त्यांचा विवाह जानकीदेवींशी झाला. मुलगा पेढीवर बसू लागला, जमाखर्च शिकला, कापसाचा भाव ओळखू लागला. एवढ्यात असा एक प्रसंग आला की त्यात या मुलाचा खरा पिंड प्रकट झाला. ज्ञातीतील एका लग्नास जावयाचे होते. अंगावर दागिने घालून चल, असा आजोबांचा आग्रह होता आणि मुलास ते आवडत नव्हते. बच्छराजजी रागीट होते. त्यांनी संपत्तीचा उल्लेख करून बोचतील असे शब्द उच्चारले. त्या वेळी जमनालालजींचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. त्यांनी भांडण केले नाही. त्या अपार संपत्तीवरील आपला सर्व हक्क सोडीत असल्याचे त्यांनी शांतपणे लिहून दिले आणि नेसत्या वस्त्रानिशी घर सोडले. वृद्ध आजोबांस पश्चात्ताप झाला व त्यांनी नातवास मोठ्या मिनतवारीने परत आणिले. १९०७ साली बच्छराजजी वारले आणि सर्व इस्टेट जमनालालजींकडे आली. परंतु जी वस्तू आपण एकदा मनाने सोडली तिचे आपण मालक नव्हे, केवळ विश्वस्त आहोत, ही भावना त्यांच्या अंतःकरणात कायमची रुजली. पवित्र शास्त्रातील त्या श्रीमंत तरुणाची गोष्ट आपणांपैकी अनेकांनी वाचली असेल. संपत्ती सोडण्याचा प्रश्न समोर येताच तो खिन्न होऊन निघून गेला. वर्ध्याच्या या तरुणाने तोच प्रश्न सतराव्या वर्षी सोडवून टाकिला होता.

व्यापार त्यांनी टाकला नाही. मात्र तो कसा करावा याचा धडा घालून दिला. त्या काळी कापसाच्या गाठी बांधण्यापूर्वी वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारण्याची वाईट चाल सर्रास होती. जमनालालजींनी आपल्या पेढीत ती बंद केली. प्रथम तोटा दिसला. पण काही काळाने त्यांच्या छापाच्या गाठीस खरेदीदार खुशीने अधिक भाव देऊ लागले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. बाजारात सचोटीला किंमत येते, पण तिला नाव व खूण असावी लागते, हे तत्त्व ते तेथे शिकले. पुढे गोपालनाच्या कामातही त्याच तत्त्वाचा त्यांस उपयोग व्हावयाचा होता.

सरकारने त्यांस ऑनररी मॅजिस्ट्रेट केले, रायबहादूर ही पदवी दिली. परंतु १९१५ नंतर महात्मा गांधींचा सहवास घडला आणि आयुष्याची दिशा बदलली. १९२० साली नागपूर येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा ते स्वागताध्यक्ष होते. गांधीजींस चार पुत्र होते. आपणांस त्यांनी पाचवा पुत्र मानावे, अशी विलक्षण मागणी जमनालालजींनी केली व ती मान्य झाली. त्यांनी रायबहादूरकी परत केली, आणि वकिली सोडणाऱ्या देशभक्तांच्या निर्वाहासाठी एक लक्ष रुपये दिले. १९२१ साली त्यांच्याच विनंतीवरून विनोबा भावे वर्ध्यास आश्रम चालविण्यासाठी आले. १९२३ साली नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात जमनालालजींस अठरा महिन्यांची सजा व तीन हजार रुपये दंड झाला. दंड वसूल करण्यासाठी त्यांची मोटार व गाडी जप्त झाली, तेव्हा लिलावात बोली बोलणारा माणूस या भागात मिळेना. बच्छराजजींनी वर्ध्यास बांधलेले लक्ष्मीनारायणाचे मंदिर जमनालालजींनी १९२८ च्या जुलै महिन्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांस खुले केले आणि स्वजातीयांचा रोष पत्करला. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कार्यासाठी त्यांनी आपली बाग दिली. तीच मगनवाडी होय. ज्या शेगाव खेड्याचे ते मालगुजार होते तेथे १९३६ साली गांधीजी राहावयास गेले, आणि पुढे ते खेडे सेवाग्राम या नावाने जगभर प्रसिद्ध झाले.

आता त्यांच्या अखेरच्या कार्याकडे वळू. ते समजण्यासाठी आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याची स्थिती ध्यानी घेतली पाहिजे. वर्धा जिल्हा हा कापसाचा जिल्हा, तसाच तो गवळाऊ जातीच्या जनावरांचाही प्रदेश. पांढऱ्या-करड्या रंगाचे, अंगाने सडपातळ व चालीस चपळ असे हे बैल. मराठ्यांच्या फौजेचे सामान डोंगराळ मुलखातून जलद वाहून नेण्यास ही जात उपयोगी पडे, असे सांगतात. असे जनावर ज्याच्या दावणीस आहे तो शेतकरी सुखी असावयास पाहिजे. पण बाजारात तो एकटा व अडलेला असतो. पेरणी तोंडावर आलेली, सावकाराचा तगादा लागलेला, किंवा मुलीचे लग्न ठरलेले. अशा वेळी तो गोऱ्हा किंवा बैल घेऊन बाजारास निघतो. तेथे हेडी व दलाल त्याची वाट पाहत असतात. ते जनावराचे दात पाहतात, दोनदाती की चारदाती की जुळलेला याची परीक्षा करितात, आणि रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी आपसांत भाव ठरवितात. मालक जवळ उभा असूनही आपल्या बैलाची खरी किंमत काय ठरली हे त्यास कळत नाही. न विकता परत जावे, तर कोसभर पायपीट व आणखी आठ दिवसांचा कडबा. म्हणून तो पडेल त्या भावास कासरा दुसऱ्याच्या हाती देतो. दुधाची गोष्ट तर याहून कठीण. बैल एक आठवडा थांबेल. सकाळचे दूध सायंकाळपर्यंत थांबत नाही.

ही अडचण केवळ आपल्याच देशातील नव्हे. जर्मनीत एकोणिसाव्या शतकात फ्रीडरिख व्हिल्हेल्म रायफायझन (१८१८–१८८८) नावाचे एक श्रद्धाळू ख्रिस्ती गृहस्थ ग्रामाधिकारी होते. गुरांचे व्यापारी गरीब शेतकऱ्यास उधारीवर गाय देत आणि जबर व्याजाखाली त्यास चिरडून टाकीत, हे त्यांनी पाहिले. १८४९ साली फ्लामर्सफेल्ड येथे त्यांनी सधन लोकांच्या जामीनकीवर एक मंडळी स्थापन केली. ती मंडळी गुरे विकत घेई व शेतकऱ्यांस हप्त्यांनी फेडण्याच्या बोलीवर देई. परंतु श्रीमंतांच्या दयेवर चालणारी संस्था टिकत नाही, असा त्यांस अनुभव आला. म्हणून पुढे १८६४ साली हेडेसडॉर्फ येथे शेतकऱ्यांनीच एकमेकांस जामीन राहावे अशी पतपेढी त्यांनी काढिली. डेन्मार्कमध्ये १८८२ साली शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पहिली सहकारी दुग्धशाळा उभारली. हिंदुस्थानात सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ साली झाला. १९१२ च्या कायद्याने मालाच्या खरेदीविक्रीसाठीही सहकारी संस्था काढण्याची मोकळीक मिळाली. मार्ग मोकळा झाला होता. पण त्यावरून चालणारी माणसे पाहिजे होती.

वैयक्तिक सत्याग्रहात जमनालालजी पुनः तुरुंगात गेले आणि १९४१ साली सुटले तेव्हा त्यांची प्रकृती खालावली होती. धावपळीच्या राजकारणापासून दूर, चित्तास शांती देईल असे एखादे काम उरलेल्या आयुष्यात करावे, अशी तळमळ त्यांस लागली होती. गांधीजींनी त्यांच्यापुढे गोसेवेचे काम ठेविले व त्यांनी ते आनंदाने स्वीकारले. ३० सप्टेंबर १९४१ रोजी वर्ध्यास गोसेवा संघाची स्थापना झाली. वर्धा व नालवाडी यांच्या दरम्यान गोपुरी येथे एक साधी झोपडी बांधून हे लक्षाधीश शेठ तेथे राहू लागले आणि स्वतःच्या हातांनी गाईची सेवा करू लागले.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. गाईची पूजा करणारे लोक आपल्या देशात कधी कमी नव्हते. तिच्या नावाने भांडणारेही पुष्कळ होते. तरीही गाय उपाशी राही, भाकड होताच हाकलली जाई, आणि दुधासाठी लोक म्हैस पसंत करीत. म्हशीच्या दुधात स्निग्धांश अधिक, म्हणून बाजारात त्यास भाव अधिक. गाईचे दूध खपत नसेल, तर शेतकरी तिला सरकी व ढेप कोठून घालणार? आणि पोटभर न मिळालेली गाय दूध कोठून देणार? हे चक्र जमनालालजींसारख्या व्यापाऱ्यास तत्काळ उमगले. संघाने आपल्या सभासदांसाठी जे नियम केले ते या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. सभासदाने गाईचेच दूध व तूप वापरावे, आणि चामडे वापरावयाचे तर आपोआप मेलेल्या जनावराचेच वापरावे. यातील पहिल्या नियमाने गाईच्या दुधास ठरलेले गिऱ्हाईक मिळे. दुसऱ्या नियमाने मेलेल्या जनावराच्या कातड्याची किंमत मालकास मिळे व जनावर मारण्याचा लोभ कमी होई. नालवाडीचे चर्मालय गोपाळराव वाळुंजकर यांनी याच विचाराने चालविले होते. धर्मभावनेस हिशेबाचा आधार देण्याची ही योजना होती.

१ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यास गोसेवेविषयी परिषद भरली. देशातील गोपालनाचे जाणकार तेथे जमले. वेगवेगळे गोपालन बरे की सामुदायिक बरे, हा त्या काळी मोठ्या चर्चेचा विषय होता, आणि गांधीजींनी आपला कौल त्याच महिन्यात सामुदायिक गोपालनाच्या बाजूने लेखाद्वारे दिला. त्यामागील विचार असा होता की, एकट्या शेतकऱ्याच्या घरात माणसे व जनावरे एकाच कोंदट छपराखाली राहतात. त्यास चांगला वळू पाळणे परवडत नाही. चराईची जागा पुरत नाही. जनावर आजारी पडल्यास वैद्य मिळत नाही. आणि दूध विकावयास नेण्यात अर्धा दिवस जातो. तेच शंभर कुटुंबांनी आपली गुरे एकत्र सांभाळली, तर वळू एकच पण उत्तम ठेविता येईल, वैद्य ठेविता येईल, दूध एका ठिकाणी जमवून त्याची पारख करिता येईल, आणि खरेदीदारासमोर शंभर गरजू माणसांऐवजी एक समर्थ मंडळी उभी राहील.

या अखेरच्या मुद्द्यातच सहकारी विक्रीचे सर्व मर्म आहे. गिरडसारख्या गावातील वीस शेतकऱ्यांनी आपले गोऱ्हे एकत्र विकावयाचे ठरविले असे समजा. प्रथम सर्वांची जनावरे एका चांगल्या वळूची असतील, तर त्यांस गावाच्या नावाने भाव येईल. जमनालालजींच्या गाठींस आला तसाच. जनावराचे वय, वजन व वंश यांची नोंद वहीत असेल, तर दलालाच्या बोटांच्या खुणांस अर्थ उरणार नाही. विक्रीचा खर्च वीस जणांत वाटला जाईल. आणि एखाद्यास पैशाची तातडीची निकड असेल, तर मंडळी त्यास थोडी उचल देईल, म्हणजे त्याला पडत्या भावात जनावर विकावे लागणार नाही. यातील एकही गोष्ट अवघड नाही. अवघड आहे तो एकमेकांवरील विश्वास. वीसपैकी एकाने दुधात पाणी घातले किंवा आजारी जनावर निरोगी म्हणून दिले, तर एकोणीस जणांचे नाव बुडते. म्हणून सहकाराचा पाया भांडवलात नसून शीलात आहे, आणि या कामास पाण्याचा एक थेंबही कापसावर न मारणारा पुढारी लाभला होता हे सुदैव म्हणावे.

परंतु ते सुदैव फार काळ टिकले नाही. परिषदेनंतर दहाच दिवसांनी, ११ फेब्रुवारी १९४२ रोजी, मेंदूतील रक्तस्रावाने जमनालालजींचे वर्ध्यास अकस्मात निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावन्न वर्षांचे होते. गोपुरी येथेच, ज्या भूमीवर त्यांनी गाईची सेवा केली त्याच भूमीवर, त्यांस अग्नी देण्यात आला. गोसेवेस त्यांनी दिलेला काळ पुरते पाच महिनेही भरला नाही.

काम मात्र त्यांच्याबरोबर संपले नाही. जानकीदेवींनी आपली खाजगी मालमत्ता गोसेवेस अर्पण केली व आपल्या पतीचे व्रत पुढे चालविले. १९५६ साली सरकारने त्यांस पद्मविभूषण देऊन गौरविले; १९७९ साली त्या निवर्तल्या. पुतणे राधाकृष्ण बजाज यांनी आपले आयुष्य याच कामास वाहिले. वर्ध्याच्या गोरस भांडाराने आसपासच्या खेड्यांतील गोपालकांचे गाईचे दूध घेऊन ते शहरात खपविण्याचा परिपाठ पाडला, आणि गोरसपाक हे त्याचे पक्वान्न दूरवर माहीत झाले. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांनी त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढारीपणाखाली १९४६ साली आणंद येथे आपला सहकारी संघ नोंदविला आणि शेतकऱ्यांची मंडळी किती मोठी होऊ शकते हे जगास दाखविले.

तथापि सर्व हेतू सफल झाले असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. दुधाचा भाव स्निग्धांशावर ठरविण्याची रीत राहिली, त्यामुळे गाईचे पारडे हलकेच राहिले. ट्रॅक्टर आले, विदेशी जातींचा संकर वाढला, आणि शुद्ध गवळाऊ जनावरांची संख्या घटत गेली. आज ती जात टिकविण्यासाठी वर्धा जिल्ह्यातील हेटीकुंडी येथे सरकारी पैदास केंद्रास झटावे लागत आहे. दूध विकणाऱ्यांचे सहकारी संघ देशभर झाले. पण बैलबाजारात उभा असलेला शेतकरी बहुधा अजूनही एकटाच आहे. जमनालालजींनी हाती घेतलेल्या कामाचा हा भाग शिल्लक आहे, आणि तो कोणी तरी पुरा केला पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रापासून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, चार इयत्ता शिकलेला मनुष्य जर एवढे करू शकला, तर तुम्हांस मिळणाऱ्या शिक्षणाचे ऋण किती मोठे आहे याचा विचार करा. दुसरी ही की, दया व हिशेब यांत वैर नाही. गाईवर प्रेम करणाऱ्याने तिच्या दुधाचा भाव, तिच्या चाऱ्याचा खर्च व तिच्या वासराचा वंश यांचीही माहिती ठेविली पाहिजे; ज्यास गणित येते त्याने ते केवळ स्वतःच्या नफ्यासाठी वापरू नये. तिसरी ही की, सचोटी ही एकट्याची असून भागत नाही. ती गावाची झाली पाहिजे. ज्यांच्या घरी गुरे आहेत अशा पालकांसही एवढीच विनंती की, मुलगा शाळेतून घरी आला म्हणजे गोठ्याची वही त्याच्या हाती द्यावी. कोणत्या गाईने किती दूध दिले, गोऱ्हा कोणत्या वळूचा, बाजारात भाव काय झाला, हे त्याने लिहून ठेवावे. शेजारच्या घरी अशीच वही असेल, तर दोन वह्या एकत्र ठेवून बोलणे सुरू होईल, आणि तसे बोलणे हाच सहकाराचा आरंभ होय.